पिक्चर कसा होता?

दिवे लागले तरी कोणी उठलं नाही. २०२५चा फेब्रुवारी, शिवजयंतीनंतरचा रविवार, संध्याकाळचा सहाचा खेळ. साताऱ्यातल्या त्या थिएटरात संभाजी महाराजांवरच्या ‘छावा’चं एकही तिकीट शिल्लक नव्हतं. आम्हाला कशाबशा मिळालेल्या तीन खुर्च्या पडद्याला अगदी चिकटून होत्या. मी, माझी मावशी आणि नऊ वर्षांचा भाचा. मावशीने डोळ्यांना लावलेला पदर अजून तसाच होता. मागे कुठेतरी हुंदके चालू होते. तेवढ्यात बाजूच्या रांगेतला एक सात-आठ वर्षांचा मुलगा खुर्चीवर उभा राहिला. डोक्याला भगवा फेटा, कपाळावर चंद्रकोर. त्याने गारद, म्हणजे महाराजांच्या बिरुदांची ललकारी, द्यायला सुरुवात केली. आवाज बारीक, पण खणखणीत. सगळं थिएटर गप्प झालं आणि शेवटी छत उडेल असा जयघोष झाला. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? घोष विरला तेव्हा मुलाचे वडील मोबाइल खाली घेत म्हणाले, “राजा, परत एकदा म्हण. मघाशी अंधार आला.” मुलाने परत म्हटली. लोकांनी परत घोष केला. तिसऱ्या वेळेपर्यंत झाडूवाला आत आला होता आणि खुर्च्यांखालचे पॉपकॉर्न लोटायला लागला होता.

बाहेर पार्किंगमध्ये आमच्या आळीतले एक काका भेटले. पुढच्या खेळाला आले होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “काय, कसा होता पिक्चर?” मी म्हटलं, “अक्षय खन्ना छान आहे. पहिला भाग जरा विस्कळीत वाटला. आणि संगीत काही त्या काळात नेत नाही.” काकांचा चेहरा उतरला. त्यांची सून पटकन म्हणाली, “असं नका बोलू हो. महाराजांचा पिक्चर आहे.”

त्या एका वाक्यावर मी तेव्हापासून अडून बसले आहे. सुनेचा काही दोष नाही. ती जे बोलली तेच त्या दिवसांत सगळीकडे वेगवेगळ्या तोंडांनी बोललं जात होतं. महाराजांचा पिक्चर आहे, म्हणजे तो पिक्चर राहिलेला नाही. त्याचं संपादन, संगीत, पटकथा यांवर बोलणं म्हणजे महाराजांबद्दल बोलणं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि ते वेगळे ठेवायची आपली सवय मोडत चालली आहे. पिक्चर कसा होता, हा एक प्रश्न. संभाजी महाराज कसे होते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रेक्षकाने द्यायचं आणि ते बिनधास्त द्यायचं. दुसऱ्याचं उत्तर थिएटरात मिळत नाही. तिथे कितीही रडलो तरी मिळत नाही.

रडण्याची मला टिंगल करायची नाही. मीही रडले. शिवाय पडद्यापुढे हात जोडणं ही आपल्याकडे काल-परवाची गोष्ट नव्हे. दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ १९१७ साली आला. राम पडद्यावर दिसला की लोक पायातल्या वहाणा काढत, असं त्या काळचं वर्णन आहे. त्यात राम झालेले अण्णा साळुंके आधी ग्रँट रोडजवळच्या एका हॉटेलात आचारी होते. गंमत अशी, की त्याच चित्रपटात सीताही तेच झाले होते. म्हणजे ज्याच्यापुढे वहाणा काढायच्या तोही तोच आणि जिच्यासाठी हळहळायचं तीही तोच. लोकांना हे कळत नव्हतं असं मानायचं कारण नाही. त्या काळात बाईच्या भूमिका पुरुषच करतात हे पोराटोरालाही माहीत होतं. माहीत असूनही ते वाकत होते. भक्ती आणि नाटक एकाच वेळी मनात बाळगायची ती एक जुनी, पक्की शिकवण होती. तमाशातली गवळण बघताना मावशीच्या रूपातल्या पुरुषाला हसायचं आणि ‘कृष्ण’ शब्द आला की हात जोडायचे, त्याच घराण्यातली.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. विष्णुपंत पागनीस त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. मुंबईत एकाच थिएटरात तो चित्रपट वर्षभराहून जास्त चालला, पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जाऊन गौरवला गेला, आणि पागनीसांचा चेहरा कित्येक घरांत तुकोबांचा चेहरा होऊन बसला. त्यातलं ‘आधी बीज एकले’ हे पद आठवा. आजही अनेक जण ते तुकोबांचा अभंग म्हणून डोळे मिटून म्हणतात. ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं आहे. इतकं अस्सल उतरलं की गाथेत नसूनही लोकांच्या गाथेत जाऊन बसलं. मला यात वाईट काही दिसत नाही, उलट आठवल्यांना नमस्कार करावासा वाटतो. पण चरित्रपटाची ताकद कुठवर जाते हे कळायला याच्याहून चांगला दाखला नाही. चांगला चित्रपट इतिहासाच्या शेजारी बसत नाही, तो इतिहासाच्या जागेवर बसतो. म्हणून ‘अहो, पिक्चरच तर आहे’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझं पटत नाही.

आता संभाजी महाराजांचंच घ्या. त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी मल्हार रामराव चिटणीसाने बखर लिहिली. याच घराण्यातल्या बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. बखरीतलं चित्र त्या जखमेसकट उतरलं आणि तेच पुढे पिढ्यान्‌पिढ्या खरं धरलं गेलं: व्यसनी, बाहेरख्याली, बापाच्या पुण्याईवर पाणी सोडणारा मुलगा. राम गणेश गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं ‘राजसंन्यास’ नाटक त्याच चित्रावर उभं आहे. त्यातली स्वगतं आपल्या आजोबा-पणजोबांनी पाठ केली, स्नेहसंमेलनांत म्हटली, टाळ्या घेतल्या. त्यांचाही कंठ दाटून येत होता. त्या टाळ्या आणि ते गहिवर आजच्याइतकेच खरे होते आणि समोरचं चित्र मात्र खोटं होतं. वा. सी. बेंद्रे आयुष्याची कितीतरी वर्षं कागदपत्रं उकरत बसले, १९६० साली त्यांचा ग्रंथ आला, पुढे कमल गोखले यांनी आपला अभ्यास मांडला, तेव्हा कुठे तो डाग पुसला जाऊ लागला. संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा, एकाच वेळी मुघल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा तिघांशी झुंजणारा राजा नीट दिसू लागला तो तेव्हापासून. बेंद्र्यांच्या ग्रंथाला कोणी शिट्ट्या मारल्या नाहीत. त्यांच्या कामाचं चित्रीकरण करून कोणी पोराला परत म्हणायला लावलं नाही.

रंगभूमीवर हे चित्र फिरवलं वसंत कानेटकरांनी. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली आलं आणि त्यातल्या संभाजीच्या भूमिकेने डॉ. काशिनाथ घाणेकरांना मराठी रंगभूमीवरचे स्टार केलं. (पुढे २०१८ मध्ये खुद्द घाणेकरांवर चरित्रपट आला. चरित्रपटाच्या पोटात चरित्रपट.) लोक संभाजी बघायला जात होते की घाणेकर? दोन्ही. आणि घरी येऊन घाणेकर आज जरा जास्तच करत होते, असं म्हणायला कोणाला चोरी नव्हती. आमच्या घरात तर अशा चर्चा जेवण निवेपर्यंत चालायच्या. मावशी आजही शपथेवर सांगते की तिने पाहिलेल्या प्रयोगात त्यांनी एक अख्खं वाक्य गाळलं होतं. ते सांगताना तिच्या महाराजांवरच्या भक्तीत तसूभरही कमी पडत नाही. मग शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ साली आली, टीव्हीवर संभाजी महाराजांची मालिका झाली, आणि लक्ष्मण उतेकरांनी त्याच कादंबरीवर हा चित्रपट केला.

विकी कौशल, रश्मिका मंदाना, अक्षय खन्ना, आशुतोष राणा, दिव्या दत्ता. नावंच अशी की कोल्हापूरपासून पाटण्यापर्यंत तिकीट खपावं. आमचा राजा पडद्यावर हिंदी बोलतो आणि साताऱ्यातलं थिएटर त्याला मराठीतून उत्तर देतं, हे मला जरा टोचलं. एवढा मोठा डाव मराठीत मांडायला पैसा लावणारा कोणी का मिळत नाही, हा प्रश्न त्या जयघोषात कोणाला पडला असेल असं वाटत नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

प्रेक्षक वेडे नसतात, याचा पुरावा याच चित्रपटाच्या निमित्ताने मिळाला. रायाजीची भूमिका केलेल्या संतोष जुवेकरांनी मुलाखतीत सांगितलं की अक्षय खन्ना औरंगजेब झाले होते म्हणून सेटवर आपण त्यांच्याशी बोललोच नाही. लोकांनी त्यावर इतके विनोद केले की त्यांना खुलासा करावा लागला. ते विनोद करणारे बहुतेक जण हाच चित्रपट बघून रडलेले होते. म्हणजे नट वेगळा आणि भूमिका वेगळी हे आपल्याला पक्कं कळतं. खोलीत चार माणसं असली की कळतं, मोबाइलवर विनोद करताना कळतं. मग चारचौघांत ‘पहिला भाग विस्कळीत आहे’ म्हटल्यावर काय होतं?

माझ्या मते होतं ते असं. पूर्वी रडणं प्रेक्षकाचं असायचं. अंधारात, पदराआड, शेजारच्याला कळू न देता. आता ते बाहेर दाखवायचं असतं. दिवे लागले की कॅमेरे चालू होतात, थिएटरच्या दाराशी माइक घेऊन कोणीतरी उभं असतं. रडणारी बाई, घोषणा देणारं पोर, घोड्यावर बसून थिएटरात आलेला तरुण, हे सगळं दुसऱ्या दिवशी चित्रपटाची जाहिरात बनून फिरतं. ज्याला रडू आलं नाही त्याच्याकडे बघून लोक भुवया उंचावतात. प्रतिक्रिया ही आता निष्ठेची परीक्षा झाली आहे आणि परीक्षेत कोणी ‘संगीत बरं नव्हतं’ असं लिहीत नाही. त्या पोराच्या वडलांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. पण पहिल्या वेळी पोराच्या पोटातून आलेली गारद तिसऱ्या वेळेपर्यंत मोबाइलसाठीची झाली होती, हे पोरालाही कळत असणार. तिसऱ्यांदा म्हणताना तो अर्ध्यात झाडूवाल्याकडे बघत होता.

आणि निष्ठेच्या या परीक्षेत आक्षेप घ्यायला बंदी आहे असंही नाही. फक्त आक्षेप कोणी घ्यायचा हे ठरलेलं आहे. जानेवारीत झलक आली, त्यात महाराज लेझीम खेळताना दिसले. लगेच गदारोळ झाला. मंत्र्यांनी तज्ज्ञांना आधी चित्रपट दाखवा म्हटलं, दिग्दर्शक राज ठाकरे यांना भेटले आणि तो भाग काढला. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. लेझीम हा काय कमीपणा आहे? आमच्या गावच्या जत्रेत पाटील, कुळवाडी सगळे खेळतात. आपल्या माणसांत मिसळून दोन पावलं नाचणारा राजा मला जवळचा वाटला असता. लेझीम त्या काळात अशी होती का, हा अभ्यासकांचा प्रश्न म्हणून आला असता तर गोष्ट वेगळी. पण तो तसा आलाच नाही. राजाने आनंदात असू नये, असा त्याचा सूर होता. त्याने फक्त लढावं आणि मरावं. नंतर चित्रपट बघितल्यावर तसंच झालेलं दिसलं.

शिर्के घराण्याचे वंशज रागावले, कारण गणोजी आणि कान्होजी यांना फितूर दाखवलं होतं. दाव्याचा इशारा आला, दिग्दर्शकांनी माफी मागितली आणि आम्ही आडनाव घेतलेलंच नाही, असंही सांगितलं. आडनाव न घेतल्याने इतिहास बदलतो की काय, हे मला कळलं नाही. संगमेश्वरला महाराज कसे पकडले गेले, खबर कोणी दिली, यावर जुन्या साधनांत एकवाक्यता नाही. कोल्हापूरचे अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं आणि फ्रेंच नोंदींचा आधार देऊन वेगळी बाजू मांडली. त्यांना फोनवरून धमकी आली, प्रकरण पोलिसांत आणि कोर्टात गेलं. त्याच सुमाराला महाराष्ट्र सायबर विभागाने विकिपीडियाला संभाजी महाराजांवरचा मजकूर काढायला सांगितलं. तो मजकूर चांगला होता असं मी म्हणत नाही. पण चित्रपट बघून घरी आलेला माणूस उत्सुकतेने काही शोधायला बसतो, हीच खरं तर चरित्रपटाची सगळ्यात मोठी कमाई. त्या माणसासमोर आपण चार साधनं ठेवायची, की एक पान कोरं करून ठेवायचं?

लोक थिएटरातून बाहेर पडल्यावर काय करतात याचे तीन दाखले त्या दोन महिन्यांत मिळाले. पहिला भरुचचा. एका प्रेक्षकाने महाराजांच्या छळाचं दृश्य चालू असताना पडदाच फाडला. दुसरा बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याचा. चित्रपटात बऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग आहे, १६८१ साली मराठ्यांनी ते शहर खरोखर लुटलं होतं. तर चित्रपट बघून तिथल्या माणसांनी रात्री बॅटऱ्या, कुदळी, चाळण्या घेऊन शेतं उकरायला सुरुवात केली. मुघलांचं सोनं सापडेल म्हणून. मला हे हास्यास्पद वाटलं, तरी त्यात एक साधा हिशेब दिसतो. पडद्यावरचं खरं आहे ना? सगळे तर शपथेवर सांगताहेत. मग सोनंही खरं असणार. शेतकऱ्याने पडद्यावर सगळ्यांनी ठेवायला सांगितला तेवढाच विश्वास ठेवला, फक्त कुदळ घेऊन ठेवला.

तिसरा दाखला नागपूरचा आणि तिथे हसू येत नाही. औरंगजेबाच्या खुलताबादच्या कबरीवरून आंदोलन, पुतळा जाळणं, मग धार्मिक मजकुराची चादर जाळल्याची अफवा आणि १७ मार्चच्या रात्री महाल भागात दगडफेक, जाळपोळ. संचारबंदी लागली. जखमी झालेला एक माणूस पुढे दवाखान्यात मरण पावला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत हा सुनियोजित प्रकार दिसतो असं सांगितलं आणि चित्रपटाला दोष देत नसलो तरी ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीचा राग लोकांत जागा झाला आहे, असाही उल्लेख केला. चित्रपटाला दोष द्यायचा नाही, हे मलाही मान्य आहे. दंगल चित्रपट घडवत नाही, माणसं घडवतात आणि बहुतेक वेळा ती कोण हे गल्लीला माहीत असतं. पण थिएटरात मला आलेलं रडू कोणीतरी उचलून आपल्या कामाला लावलं असेल, तर ते माझं रडू होतं एवढं म्हणायचा हक्क मला आहे. मी रडले ते १६८९ साली वढू-तुळापूरला ज्याला हाल हाल करून मारलं त्याच्यासाठी. महालातल्या कोणाच्या दुकानाची काच फोडण्यासाठी नव्हे.

आणि त्याच वर्षी, अवघ्या दहा आठवड्यांनी, दुसऱ्या एका चरित्रपटाचं काय झालं ते आठवा. ‘फुले’ ११ एप्रिलला यायचा होता, जोतिबांच्या जयंतीला. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉरने काही जातिवाचक शब्द आणि ‘पेशवाई’ हा शब्द बदलायला लावला आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. प्रतीक गांधी, पत्रलेखा यांनी चांगलं काम केलं होतं. आमच्याकडे दुपारच्या खेळाला पंधरा-वीस माणसं होती. कोणी गारद दिली नाही, कोणी पोराला उभं केलं नाही. सावित्रीबाईंवर शेण फेकलं जातं त्या प्रसंगाला पुढच्या रांगेतली एक बाई, वयाने साठीची, नुसती ताठ बसून राहिली. मला ती बाई फार आठवते. दिवे लागल्यावर ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेली. तिची प्रतिक्रिया कोणाच्या मोबाइलमध्ये नाही.

इथे कोणी म्हणेल की तुलना करू नका, एक युद्धपट आहे आणि एक नाही. बरोबर. पण मग आपण कशावर रडतो हेही बोलू. फेब्रुवारीत सेन्सॉरला आणि समाजाला चालतं ते एप्रिलमध्ये का चालत नाही? एका चित्रपटात आपल्यावर अन्याय करणारा परका आहे आणि आपण सगळे एका बाजूला आहोत. दुसऱ्यात अन्याय करणारे आपल्याच वाड्यातले आहेत. पहिल्यावर घोषणा देणं सोपं जातं. दुसऱ्यावर घोषणा द्यायची तर आधी शेजारी कोण बसलंय ते बघावं लागतं. ‘छावा’त फितूर आपलाच निघाला तेव्हासुद्धा नेमक्या त्याच जागी वंशज, माफी आणि आडनावाचा घोळ झाला, हा योगायोग नाही.

“निदान मुलांना इतिहास तरी कळतो,” हे वाक्य त्या दिवसांत मी इतक्यांदा ऐकलं की ते कोण म्हणालं हे आता आठवत नाही. म्हणून मी भाच्याला आठवडाभराने विचारलं, तुला काय कळलं? त्याने महाराजांच्या छळाचे प्रकार एकामागून एक न चुकता सांगितले. सिंहाचा जबडा सांगितला. औरंगजेब विणकाम करतो, हेही सांगितलं. त्याला ते फार विचित्र वाटलं होतं. महाराजांनी पुस्तक लिहिलं हे त्याला माहीत नव्हतं. राज्य किती वर्षं केलं, ते सांगता आलं नाही. नऊ वर्षं, मी सांगितलं. “एवढंच?” तो म्हणाला. नऊ वर्षांतला शेवटचा दीड महिना त्याला तोंडपाठ होता. दोष त्याचा नाही. रक्त दिसतं, सारावसुली दिसत नाही. संगमेश्वरापासून बहादूरगडापर्यंत आणि पुढे तुळापूरपर्यंतचा तो शेवट दिग्दर्शकाने असा काही मांडला आहे की आधीचं सगळं पुसून जातं. मुघलांपुढे बाकीचे शत्रू नावापुरते उरतात. प्रेक्षक म्हणून हाच माझा मुख्य आक्षेप आहे आणि तो महाराजांवरचा नाही, पटकथेवरचा आहे. हे स्वतंत्रपणे सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

मावशीने मात्र त्या रात्री मला गप्प केलं. घरी येताना रिक्षात ती बराच वेळ काही बोलली नाही. पोवई नाक्याला सिग्नलवर थांबलो तेव्हा म्हणाली, “अगं, आणि येसूबाईचं पुढे काय झालं?”

मी सांगितलं. महाराजांना मारल्यावर रायगडाला वेढा पडला. स्वतःचा मुलगा शाहू सात वर्षांचा, पण तिने राजारामांना पुढे केलं आणि गडाबाहेर काढलं, राज्य राहावं म्हणून. गड पडला. ती शाहूला घेऊन औरंगजेबाच्या कैदेत गेली. शाहू १७०७ साली सुटला. ती सुटून आली ती १७१९ साली, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी. आणि समाधी इथेच, माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी.

“माहुलीला? आपल्या माहुलीला?”

“हो.”

“मी चाळीस वर्षं जाते तिथे. कुत्र्याची समाधी दाखवतात सगळे.” शाहू महाराजांचा जीव वाचवणाऱ्या खंड्याची, ती खरंच सगळे दाखवतात. “ही कोणी दाखवली नाही.”

रिक्षावाला आरशातून बघत होता. तो म्हणाला, “ताई, पिक्चरमध्ये नव्हतं ना हे?”

“नव्हतं,” मी म्हटलं.

“मग रविवारी जाऊ,” मावशी म्हणाली, आणि पिशवीतून रुमाल काढून तिने भाच्याच्या गालावरचा चीज पॉपकॉर्नचा पिवळा डाग पुसला.